कन्सोल ‘हॅक झाला’ म्हणतायत, मग आपल्या कन्सोलचं आता काय करायचं

दर थोड्या महिन्यांनी हे होतंच. कुठल्यातरी गेमिंग कन्सोलचा हलता, धूसर व्हिडिओ येतो, काळ्या स्क्रीनवर चार पांढऱ्या ओळी, कोपऱ्यात कोणाचंतरी बोट, आणि लगेच बोंबाबोंब की हॅक झाला, आता सगळं मोकळं. ज्याच्या घरी तो कन्सोल आहे तो बिचारा सेटिंग उघडून बसतो, आता नेमकं काय दाबू आणि काय नको. हे त्याच्यासाठी लिहितोय. हॅक करायचा कसा ते यात नाहीये, ते करणारी मंडळी वेगळी असतात आणि वेळ आली की तेच नीट लिहून देतात. पहिला व्हिडिओ आल्यापासून पुढचे काही महिने आपण काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि पुढे काय वाढून ठेवलंय त्याचा अंदाज कसा बांधायचा, एवढंच सांगतो.

आधी हात आवरा

बातमी खरी की खोटी ते नंतर बघू. पहिलं काम म्हणजे कन्सोलवर सध्या कोणतं फर्मवेअर, म्हणजे आतलं मूळ सॉफ्टवेअर, आहे त्याचा नंबर कागदावर लिहून ठेवा आणि अपडेट थांबवा, कारण हॅकवाल्यांना सापडलेलं भोक अपडेटनेच बुजतं. ऑटो अपडेटचं टिक काढलं म्हणजे झालं असं समजू नका, बरेच कन्सोल झोपेत असतानाही गुपचूप डाउनलोड करून ठेवतात आणि मग तुम्ही चालू केलं की ‘अपडेट तयार आहे’ म्हणून समोर उभे राहतात, तेव्हा सेव्ह केलेलं वायफायच काढून टाका, फॉरगेट नेटवर्क असतं ना, तेच.

हे मी शहाणपणाने नाही, फटका खाऊन सांगतोय. एकदा असंच टिक काढलं, वायफायही काढलं, मोठ्या फुशारकीत फिरत होतो की आपण बरोब्बर जुन्या व्हर्जनवर थांबलोय. तीन आठवड्यांनी एक नवी गेम आणली, डिस्क आत सारली, स्क्रीनवर काहीतरी विचारलं आणि मी सवयीने ओके दाबलं. डिस्कवरच फर्मवेअर येतं हे डोक्यातच नव्हतं. पट्टी हळूहळू सरकत होती आणि मी बघत बसलो होतो, मध्येच प्लग काढला असता तर कन्सोलचीच वीट झाली असती, म्हणजे कायमचा बंद. तेवढं भान राहिलं हेच नशीब.

मागे का फिरता येत नाही, तर काही कन्सोलच्या चिपमध्ये फ्यूज असतात, खरेखुरे, बारीक, एकदाच जळणारे. एक्सबॉक्स ३६० मध्ये होते, निंटेंडो स्विचमध्येही आहेत. महत्त्वाचं अपडेट बसलं की एखादा फ्यूज जळतो, आणि पुढे जुनं फर्मवेअर टाकायला गेलात तर चालू होतानाच मोजणी जुळत नाही आणि गाडी तिथेच अडते. वर जायला जिना आहे, खाली यायला नाही.

चोर ओसरीत आहे की तिजोरीपाशी

आता बातमी वाचू. ‘हॅक झाला’ या दोन शब्दांना तसा काही अर्थ नसतो, घरात चोर शिरला म्हटल्यावर ओसरीपर्यंत आला की माजघरात की थेट तिजोरीच्या किल्ल्याच त्याच्या हातात, हे विचारावं लागतं ना, इथेही तेच.

ओसरी म्हणजे यूजरलँड, साधी ॲप्स आणि गेम चालतात तो भाग. ब्राउझर, एखाद्या गेमची सेव्ह फाइल, असल्या ठिकाणी पहिला पाय पडतो. स्विच ३ मार्च २०१७ ला आला आणि त्याच महिन्यात वेबकिट या ब्राउझर इंजिनच्या भोकातून त्याच्या लपवलेल्या ब्राउझरमध्ये कोड चालवून दाखवला गेला, वायफायच्या लॉगिन पानासाठी ठेवलेला तो ब्राउझर. गंमत म्हणजे ते भोक आयफोनवर आधीच गाजलेलं होतं आणि तिथे बुजवलंही होतं, स्विचमध्ये मात्र जुनं वेबकिट तसंच राहिलेलं. लोक नाचले, पण साध्या माणसाच्या हाती त्यातून काहीही आलं नाही, कारण ओसरीत उभं राहून घरातलं सामान उचलता येत नाही. स्विच २ चंही तसंच, ५ जून २०२५ ला बाजारात आला आणि लगेच कोणीतरी त्याच्या यूजरलँडमध्ये घुसून स्क्रीनवर चौकटी रंगवून दाखवल्या. कौतुक आहेच, पण त्या चौकटीच होत्या.

माजघर म्हणजे कर्नल, सिस्टीमचा गाभा. सोनीच्या प्लेस्टेशनचे, म्हणजे पीएस४ आणि पीएस५ चे, बहुतेक गाजलेले हॅक इथले. होमब्रू, म्हणजे लोकांनी स्वतः लिहिलेले प्रोग्राम, चालतं, सेव्हचे बॅकअप काढता येतात, पण कन्सोल पूर्ण बंद केला की सगळं गेलं, परत चालू करून परत तीच कवायत. त्यात पीएस५ मध्ये कर्नलच्याही वर हायपरवायझर नावाचा पहारेकरी बसवलाय, त्यामुळे २०२२ मध्ये ४.०३ वरचा कर्नल एक्स्प्लॉइट, म्हणजे भोकाचा फायदा उठवणारा कोड, आला तेव्हा ज्यांनी पीएस४ चे हॅक पाहिले होते त्यांना वाटलं झालं काम, आणि मग कळलं की माजघरात शिरलो तरी इथल्या भिंतींना हात लावता येत नाही, कर्नलचा कोड बदलणंच जमत नव्हतं.

आणि तिजोरी म्हणजे बूटरॉम, कन्सोल चालू होताना सगळ्यात आधी चालणारा कोड, किंवा सॉफ्टवेअरवर कंपनीची सही करायच्या किल्ल्या. इथे पोचले की खेळ वेगळा. बूटरॉम चिप बनतानाच तिच्यात कोरलेला असतो, अपडेट पाठवून तो बदलता येत नाही. एप्रिल २०१८ मध्ये स्विचच्या टेग्रा एक्स१ चिपमध्ये असंच भोक निघालं, यूएसबीवरून रिकव्हरी मोडमध्ये पाठवलेल्या माहितीची लांबी नीट तपासलीच जात नव्हती. दोन वेगवेगळ्या ठिकाणच्या लोकांना ते आपापलं सापडलं होतं आणि दोघांनी साधारण एकाच वेळी जाहीर केलं. रिकव्हरी मोडमध्ये जायला उजव्या जॉयकॉन कंट्रोलरच्या खाचेतल्या पिना वाकवलेल्या पेपरक्लिपने जोडल्या तरी पुरत होतं. तोवर दीड कोटीहून जास्त स्विच विकले गेले होते आणि त्यातल्या एकालाही सॉफ्टवेअरने वाचवता येणार नव्हतं.

पीएस३ ची गोष्ट तर याहून भारी आणि मला ती परत परत सांगायला आवडते. सोनीचं फर्मवेअर खरं आहे हे ओळखायला त्यावर ईसीडीएसए पद्धतीची सही असायची. त्या सहीत दरवेळी एक नवा, कोणालाही न कळणारा आकडा वापरायचा असतो, हा नियम म्हणजे त्या पद्धतीचा जीव आहे. सोनीने तोच आकडा दरवेळी वापरला. आता शाळेतलं गणित आठवा, अज्ञात दोन असतील तर समीकरणं दोन लागतात, इथे सह्या दोन घेतल्या की समीकरणं दोन, आधी तो आकडा सुटतो आणि त्यातून खाजगी किल्ली. डिसेंबर २०१० मध्ये बर्लिनच्या २७सी३ परिषदेत फेलओव्हरफ्लो या गटाने हे मांडलं तेव्हा सभागृहात हशा पिकला होता. सोनीने पुढे नवे कन्सोल वेगळ्या किल्ल्यांनी बनवले, पण आधी विकलेल्यांचं काय करणार?

म्हणून बातमीत आधी एवढंच शोधायचं: भोक सॉफ्टवेअरमध्ये आहे की सिलिकॉनमध्ये. सॉफ्टवेअरमध्ये असेल तर महिन्या-दोन महिन्यांत बुजणार, तुमचं व्हर्जन हेच तुमचं भांडवल. सिलिकॉनमध्ये असेल तर घाई कसलीच नाही, कन्सोल कोणत्या बॅचचा आहे तेवढं सीरियल नंबरवरून बघून ठेवा.

दाखवलंय की दिलंय

हा दुसरा प्रश्न आणि यावरच लोक सगळ्यात जास्त फसतात. व्हिडिओत दाखवणं वेगळं आणि बाकीच्यांना चालवायला देणं वेगळं. मध्ये कधी आठवडे जातात, कधी वर्षं, कधी कधी ते येतच नाही. त्यात आता कंपन्याच भोकं विकत घेतात. सोनीने जून २०२० मध्ये हॅकरवन या दोष कळवायच्या साइटवर बक्षीस योजना सगळ्यांसाठी उघडली, पीएस४ मधल्या अतिगंभीर दोषाला ५०,००० डॉलरपासून पुढे. मग शोधणारा माणूस आधी कंपनीला कळवतो, कंपनी भोक बुजवते, पैसे देते, आणि त्यानंतर तो सगळं जगापुढे मांडतो. म्हणजे भोक तुमच्या कानावर येतं तेव्हा नव्या फर्मवेअरवर ते मेलेलं असतं, आणि फायदा फक्त त्याचा जो आळसाने म्हणा की शहाणपणाने म्हणा, मागेच राहिलेला. २०२४ च्या मे मध्ये पीएस४ साठी पीपीपीडब्ल्यूएन नावाचा हॅक आला तो ११.०० पर्यंतच्या फर्मवेअरवर चालणारा. त्यामागचा दोष २००६ सालापासून नोंदवलेला, नेटवर्कच्या पीपीपीओई भागातला. अठरा वर्षं जुनं भोक कोणाला तरी परत दिसलं.

मग तोपर्यंत काय करायचं? थांबायचं. त्याच गोष्टी दुसऱ्या, तिसऱ्या माणसाने आपापल्या कन्सोलवर करून दाखवेपर्यंत काहीही डाउनलोड करायचं नाही. या पहिल्या दिवसांत ‘जेलब्रेक टूल’ म्हणून जे फिरतं ते निव्वळ जाळं असतं: पासवर्ड लावलेली झिप, पासवर्डसाठी सर्व्हे भरा, नाहीतर कॉम्प्युटरवर चालवायची एक्सई. खरं काम करणारे लोक फुकट देतात, सोर्सकोडसकट देतात, आणि चालणार नाही त्या व्हर्जनची यादी स्वतःहून आधी लिहितात. जो म्हणतो सगळ्या व्हर्जनवर चालतं, त्याला तिथेच नमस्कार करा.

कंपनी काय करेल

हा भाग नीट वाचा, कारण पहिल्या हॅकचा पहिला दणका बहुतेक वेळा हॅक न करणाऱ्यालाच बसतो.

पीएस३ नोव्हेंबर २००६ मध्ये आला तेव्हा त्यात अदरओएस नावाची सोय होती, म्हणजे सोनीच्या परवानगीनेच त्यावर लिनक्स टाकता यायचं. तीन वर्षं कोणी फारसं आत घुसलं नाही. जानेवारी २०१० मध्ये जॉर्ज हॉट्झने, जिओहॉट म्हणून ओळखतात तो, हायपरवायझरपर्यंत पोचल्याचं जाहीर केलं. पद्धत कशी, तर कन्सोल उघडायचा, मेमरीच्या तारेवर सोल्डर करायचं, लिनक्समधून एक प्रोग्राम चालवायचा आणि बरोबर वेळेला साधारण ४० नॅनोसेकंदांचा झटका द्यायचा, जमेपर्यंत परत परत. आता सांगा, असं करणारे जगात किती निघाले असतील? पायरसी तर त्यातून शून्य. पण १ एप्रिल २०१० ला फर्मवेअर ३.२१ आलं आणि अदरओएसच काढून टाकलं, सगळ्यांचं. अपडेट नको म्हणालात तर पीएसएन, म्हणजे प्लेस्टेशनचं ऑनलाइन नेटवर्क, बंद, ऑनलाइन खेळ बंद. ज्यांनी लिनक्ससाठीच तो कन्सोल घेतला होता ते बसले बोंबलत.

त्यानंतर जे झालं ते सगळं या एका निर्णयामागून आलं असं माझं मत आहे. अदरओएस गेल्यावर जी डोकी आधी आपल्या लिनक्समध्ये रमलेली होती तीच चिडून कुलपामागे लागली, आणि वर्षाच्या आत तो बर्लिनचा प्रकार. जानेवारी २०११ मध्ये हॉट्झने एक मुख्य किल्ली जाहीर केली, सोनी कोर्टात गेली, एप्रिलमध्ये तडजोड जाहीर झाली. अदरओएस काढल्याबद्दल ग्राहकांचा खटला मात्र पुढे कित्येक वर्षं चालला.

याच्या उलटं उदाहरण एक्सबॉक्स वनचं. मायक्रोसॉफ्टने बाजारातल्या साध्या कन्सोललाच डेव्हलपर मोड देऊन टाकला, आपलं होमब्रू हवंय ना, या दाराने या आणि चालवा. कन्सोल २०१३ चा, आणि कर्नलपर्यंतचा सार्वजनिक एक्स्प्लॉइट आला २०२४ मध्ये. कुलूपही जबरदस्त होतं हे खरं, पण दार उघडं असताना भिंत फोडायची हौस असणारे कमीच निघतात.

तेव्हा बातमी आल्यावर स्वतःला विचारा, हे भोक कन्सोलच्या कोणत्या सोयीतून गेलंय? ब्राउझरमधून, ब्लू-रे प्लेअरमधून, एखाद्या गेममधून? ती सोय पुढच्या अपडेटमध्ये जाऊ शकते असं धरून चाला. गेममधून असेल तर ती गेम दुकानातून गायब होते आणि जुन्या बाजारात तिची किंमत वाढते. नोव्हेंबर २०१४ मध्ये निंटेंडोच्या थ्रीडीएससाठी निंजहॅक्स नावाचं हॅक आलं, त्याला क्यूबिक निंजा नावाची कोणाच्याही खिजगणतीत नसलेली गेम लागायची, आणि एका रात्रीत लोक ती वाट्टेल त्या भावात शोधत सुटले. तुमच्याकडे असली कार्ट्रिज धूळ खात पडली असेल तर निदान फेकू नका.

हार्डवेअरचं भोक असेल तर नवी आवृत्ती येणारच. २०१८ च्या मध्यापासून दुरुस्त चिपचे स्विच यायला लागले, दिसायला अगदी तेच, आणि मग जुना सीरियल बघून सेकंडहँड घेणाऱ्यांची झुंबड.

बॅन. यात अजिबात हयगय नको. नोव्हेंबर २००९ मध्ये मायक्रोसॉफ्टने लाखो एक्सबॉक्स ३६० लाइव्ह या ऑनलाइन सेवेवरून एका फटक्यात बाहेर काढले. स्विचमध्ये प्रत्येक कन्सोलला स्वतःचं प्रमाणपत्र आहे, त्यामुळे बॅन कन्सोललाच बसतो, अकाउंट बदलून काही होत नाही. निंटेंडोने मे २०२५ मध्ये अमेरिकेतल्या करारात तर लिहूनच टाकलंय की छेडछाड केली तर उपकरण कायमचं निकामी करण्याचा हक्क आम्ही राखतो. सेकंडहँड घेताना विकणाऱ्यासमोर कन्सोल चालू करून ऑनलाइन जाऊन बघा, ‘घरी वायफाय नाही’ म्हणाला तर आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावा.

कायद्याचं थोडक्यात. कंपन्या सहसा घरात बसून होमब्रू चालवणाऱ्याच्या मागे लागत नाहीत, विकणाऱ्याच्या लागतात. स्विचच्या हॅक चिप विकणाऱ्या टीम झेक्युटरमधल्या एकाला फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. कन्सोल ‘करून देतो’ म्हणून पैसे घ्यायचा विचार डोक्यात येत असेल तर तिथेच सोडा.

तुमचा कन्सोल कोणत्या कामाचा, त्यावर ठरवा

घरात एकच कन्सोल असेल आणि मित्रांबरोबर ऑनलाइन खेळत असाल तर माझं सरळ म्हणणं, अपडेट करा आणि विसरून जा. मागे राहून रोज झुरत बसण्यात काही मजा नाही, आणि दोन्ही डगरींवर हात ठेवायला गेलात की नेमका बॅन तुम्हालाच बसणार.

जुना, दुसरा कन्सोल पडून असेल तर मात्र त्याला ऑफलाइन ठेवा, आहे त्या व्हर्जनवर. आज त्याचा उपयोग दिसत नसेल पण पुढे दिसतो. थ्रीडीएस आणि वी यू चं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला बंद झालं, पुढच्या वर्षी ऑनलाइन खेळही, आणि आता त्या कन्सोलवर जी काही जान आहे ती होमब्रूवाल्यांमुळेच, सेव्ह वाचवणं म्हणा, स्वतःचे सर्व्हर उभे करणं म्हणा. कोडी नावाचं मीडिया सेंटर आज टीव्हीवर बघता ना, ते जुन्या, फोडलेल्या एक्सबॉक्सवरच जन्मलं, एक्सबीएमसी नावाने.

आणि पुढे कधी खरंच काही करायची वेळ आली, कोड बाहेर आला, दहा जणांनी करून पाहिला, तर पहिलं काम नँडचा बॅकअप, म्हणजे कन्सोलच्या आतल्या मेमरीची जशीच्या तशी प्रत. ती एसडी कार्डावरच ठेवू नका, कॉम्प्युटरवर एक आणि अजून कुठेतरी एक. ही प्रत त्याच कन्सोलच्या किल्लीने बांधलेली असते, मित्राची घेऊन चालत नाही, तेव्हा ‘त्याच्याकडे आहे की’ म्हणून टाळू नका. दुसरं म्हणजे सूचना पूर्ण वाचा, शेवटपर्यंत, आणि मगच पहिली पायरी करा. अर्धवट वाचून सुरुवात करणारे रात्री दोन वाजता काळ्या स्क्रीनचा फोटो टाकून मदत मागत असतात.

तोवर खेळायचं असेल तर खेळा, फक्त डिस्क किंवा कार्ट्रिज आत घालण्याआधी तिला किमान कोणतं फर्मवेअर लागतं ते शोधून घ्या, त्या कागदावर लिहिलेल्या नंबराशी ताडून बघा, आणि कमी किंवा तेवढाच असेल तरच घाला. घरातल्या बाकीच्यांनाही सांगून ठेवा की स्क्रीनवर अपडेट विचारलं तर आधी हाक मारायची.